कार्बन क्रेडिट विकून जंगल खरंच वाचतं का? आणि आपल्या मराठवाड्यात त्यातून काही हाती लागेल का?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. ॲमेझॉन, इंडोनेशियातली वर्षावनं कार्बन क्रेडिटच्या पैशावर वाचतात हे खरं का. किनवट-माहूरच्या जंगलाला तसा पैसा मिळेल का. आणि औसा तालुक्यातल्या तुमच्या गावात जो माणूस झाडं लावायचा तीस वर्षांचा करार घेऊन फिरतोय, त्याच्या कागदावर सही करावी का. मी नांदेड जिल्ह्यात ग्रामसभांच्या वनहक्काच्या कामात असतो, त्यामुळं मधल्या प्रश्नावर जरा जास्त बोलणार आहे.

वर्षावनं काही ठिकाणी वाचली आहेत, बऱ्याच ठिकाणी नुसती कागदावर वाचली आहेत.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. नवी झाडं लावून तेवढा हवेतून ओढला, किंवा तुटणार असलेलं जंगल राखून तेवढा हवेत जाऊ दिला नाही, की एक क्रेडिट तयार होतं आणि आपलं प्रदूषण ‘फेडू’ पाहणारी एखादी कंपनी ते विकत घेते. वर्षावनांचा बहुतेक व्यवहार दुसऱ्या प्रकारचा. क्योटो करारात उभं जंगल राखण्याला पैसे नव्हते, फक्त लागवडीला होते. २००५ साली माँट्रियलच्या हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या दोन देशांनी आग्रह धरला की आमचं जंगल तोडलं तर लाकडाचे पैसे मिळतात, राखलं तर काहीच मिळत नाही, हे उलटं आहे. तिथून ‘रेड प्लस’ नावाची योजना उभी राहिली.

खरी गोम पुढं आहे. प्रकल्प नसता तर किती जंगल तुटलं असतं? तो आकडा म्हणजे बेसलाइन, आणि तो मोजता येत नाही, मांडावा लागतो. आणेवारी आपल्याला नवी नाही. ५० पैशांच्या वर की खाली, एवढ्यावर गावाला सवलती मिळायच्या की नाही ते ठरतं, म्हणून तो आकडा कोण लावतो यावर भांडणं होतात. इथं वर्षानुवर्षं आकडा लावणारा आणि क्रेडिट विकणारा एकच होता. मग आकडा फुगणारच. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा देशांतल्या २६ प्रकल्पांची तपासणी छापून आली. बहुतेक ठिकाणी जंगलतोड दाव्याइतकी घटलेली नव्हती, पुष्कळ ठिकाणी तर घटलेलीच नव्हती. त्यानंतर व्हेरा या प्रमाणपत्र देणाऱ्या सगळ्यात मोठ्या संस्थेनं बेसलाइन ठरवायचे नियम बदलले. बदलायलाच हवे होते.

दुसरी अडचण गळतीची. या शिवारात कुऱ्हाड थांबली आणि पलीकडच्या शिवारात चालू झाली, तर वाचलं काय?

ॲमेझॉनबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ब्राझीलमध्ये २००४ साली सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटलं होतं, २०१२ साली साधारण ४,६०० वर आलं. एवढी मोठी घट क्रेडिट विकून झालेली नाही. उपग्रहावरून तोड दिसली की पथक पोचायला लागलं, जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन घ्यायचं नाही असं २००६ साली मोठ्या व्यापाऱ्यांनी ठरवलं, आणि ज्याची जमिनीची कागदपत्रं धड नाहीत त्याचं बँकेनं कर्ज अडवलं. पीककर्ज अडलं की माणूस किती लवकर वळणावर येतो, ते आपल्याकडं कोणाला सांगायला नको. नॉर्वेनं २००८ पासून ब्राझीलच्या ॲमेझॉन फंडात मोठी रक्कम दिली, ती तोड घटल्याचं दिसल्यावर. बदल्यात आपलं प्रदूषण वजा करून घेतलं नाही. मला ही पद्धत क्रेडिटपेक्षा जास्त सरळ वाटते.

आता जिथं क्रेडिट विकली गेली त्या दोन जागा बघा.

ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यात पाइतेर सुरुई नावाचे आदिवासी आहेत. १९६९ पर्यंत बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांचे पुढारी अल्मिर सुरुई यांनी स्वतःच्या जंगलाचा कार्बन प्रकल्प उभा केला आणि २०१३ साली नातुरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला क्रेडिट विकली. आदिवासींनी स्वतः चालवलेला जगातला हा पहिला असा प्रकल्प, त्याचं कौतुकही खूप झालं. पण त्या जमिनीखाली सोनं आणि हिरे आहेत. बेकायदा खाणवाले घुसले, लाकूडवाले होतेच, सरकारनं राखण केली नाही, आणि समाजातल्याच काही लोकांना खाणीचा रोकडा पैसा जवळचा वाटला. २०१८ साली प्रकल्प थांबवावा लागला. प्रकल्पाचं आखणं चुकलेलं नव्हतं. कार्बनचा पैसा उशिरा आणि तपासणी झाल्यावर येतो, खाणीचा संध्याकाळी हातात पडतो.

दुसरी जागा आपल्याच देशात, मेघालयात. मावफ्लांगच्या आसपास खासी लोकांच्या दहा हिमांनी, म्हणजे त्यांच्या पारंपरिक राज्यांनी, मिळून उमियम नदीच्या पाणलोटातल्या साधारण २७,००० हेक्टरवर हा प्रकल्प उभा केला. भारतातला हा पहिला सामुदायिक रेड प्लस प्रकल्प. इथं पैसा कशावर खर्च झाला ते बघण्यासारखं आहे: जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेले पट्टे) काढणं, वणव्यावर पाळत, कमी सरपण लागणाऱ्या चुली, तोडलेलं रान राखून परत उगवू देणं, आणि चरणारी जनावरं कमी करून डुकरं-कोंबड्या पाळणं. मुद्दाम लिहितो की तिथं जमीन आधीपासून समाजाच्या ताब्यात होती. सरकारकडं हक्क मागत बसायची वेळ आली नाही. लोकांनी आधी स्वतःचं देवराईसकट जंगल राखलेलं होतं, कार्बनचा पैसा त्यावर वरकड आला.

गयानाचं उदाहरण आणखी वेगळं आहे. तिथं जवळपास ८५ टक्के देश जंगलाखाली, तोड मुळातच कमी. २०२२ साली त्यांनी हेस या तेल कंपनीला किमान ७५ कोटी डॉलरची क्रेडिट विकायचा करार केला. हीच कंपनी तेव्हा गयानाच्या समुद्रातून तेल काढणाऱ्यांपैकी एक होती. पैशातला १५ टक्के वाटा आदिवासी गावांना थेट द्यायचं ठरलं, ही त्यातली चांगली बाजू. आम्हाला धड विचारलंच नाही, अशी तिथल्या एका आदिवासी संघटनेची तक्रार, ही दुसरी. तेलाचा धंदा मात्र थांबला नाही.

किनवटकडं येतो.

आपलं जंगल वर्षावन नाही, शुष्क पानझडी आहे. साग, मोहा, तेंदू, धावडा. हेक्टरी कार्बन वर्षावनापेक्षा बराच कमी, म्हणजे हेक्टरी क्रेडिटही कमी. आणि त्यावरचा ताण वेगळा. ॲमेझॉनमध्ये गुरांचे मोठे मळेवाले हजारो एकर जाळतात. इथं सरपणाचे भारे, उन्हाळ्यातली चराई, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेली आग आणि सागाची चोरी. यातली पहिली तिन्ही कारणं गरिबाच्या पोटाशी बांधलेली आहेत. तिथं ‘चराई बंद’ची पाटी लावून क्रेडिट काढायला गेलं तर शेळी बाजारात जाते आणि बाई दुसऱ्या डोंगरावर मोळी बांधते. म्हणून खासी गावांची पद्धत आपल्याला जवळची आहे: आधी चूल, चारा, जाळरेषा, त्यासाठी गावातच मजुरी, आणि मग मोजणी.

पण तिथं जमीन लोकांची होती, हा फरक विसरून चालणार नाही. किनवट तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात, जोडेघाटच्या डोंगरात, १९४० साली निजामाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कोमरम भीम मारला गेला. भांडण हेच होतं की जंगल राखीव म्हणून आखलं आणि त्यात पिढ्यान्पिढ्या राहणारा गोंड एका रात्रीत अतिक्रमणवाला ठरला. त्या जंगलात पुन्हा कोणी बाहेरचा येऊन ‘राखायची’ भाषा बोलायला लागला की म्हातारी माणसं गप्प होतात, ते उगाच नाही.

आज हातात २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात सामूहिक वनहक्क मिळाला की जंगल राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा अधिकार ग्रामसभेचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ साली मिळाला आणि २०११ पासून ते गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. कार्बन हा शब्द मात्र त्या कायद्यात कुठंही नाही. म्हणजे उद्या किनवटच्या जंगलाची क्रेडिट निघाली तर मालक गाव, वनखाते की मध्ये आलेली कंपनी, यावर वाद होणार हे धरून चाला. ज्या गावाकडं हक्काचा दाखला आहे, तेंदूपत्ता-मोहाचा लिलाव ग्रामसभा स्वतः करते आणि त्याचा जमाखर्च चावडीवर वाचला जातो, त्या गावाचं या वादात काहीतरी चालेल. बाकीच्यांच्या नावावर दुसराच सही करेल.

आणि एकट्या गावाचं हे काम नाही. तीनशे-चारशे हेक्टरच्या जंगलातून जेवढी क्रेडिट निघतील तेवढी मोजणी आणि तपासणीच्या खर्चातच जातील. दहा-वीस ग्रामसभांचा महासंघ झाला तरच हिशेब बसतो. म्हणून माझं सरळ मत असं: किनवट-माहूरच्या गावांनी आत्ता क्रेडिटच्या मागं न लागता उपविभागीय समितीकडं पडून असलेले सामूहिक दावे आधी सोडवून घ्यावेत. कार्बनवाले काय, दाखला आला की आपणहून दारात येतील.

आता तुमच्या गावातला करार. हा जंगल राखायचा व्यवहार नाही, शेतात झाडं लावायचा आहे, त्यामुळं वरचं सगळं इथं लागू होत नाही. ढोबळ हिशेब करू. एकरात बांधावरची धरून २०० झाडं जगली. आपल्या पावसात एक झाड वर्षाला १० ते २० किलो कार्बन डायऑक्साइड धरतं असं माना. म्हणजे एकरी २ ते ४ टन. भाव वरखाली होतो, पण टनाला ५०० रुपये धरले तर वर्षाला हजार ते दोन हजार. त्यातून मोजणी, नोंदणी, तपासणी आणि कंपनीचा वाटा वजा. पहिली काही वर्षं रोपं लहान असतात, तेव्हा तेवढंही नाही. सगळं धरून एका क्विंटल सोयाबीनच्या हमीभावाच्या निम्मंसुद्धा होत नाही. म्हणून तो माणूस ‘क्रेडिटवर घर चालेल’ म्हणत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पण झाडाच्या फळावर घर चालू शकतं, आणि चांगले प्रकल्प तसेच आखलेले असतात. आंध्रातल्या अरकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी २०१० पासून लाखो फळझाडं आणि कॉफी लावली. लागवडीचा पैसा युरोपातल्या कंपन्यांच्या एका निधीनं आधीच घातला, क्रेडिट त्या कंपन्यांनी घेतली, झाडं आणि उत्पन्न शेतकऱ्याचं. आपल्याकडं बीडचं सीताफळ आणि मराठवाड्याचा केसर आंबा यांना भौगोलिक मानांकन आहे, चिंच कमी पाण्यावर येते, आणि बांबूचं तर तुमच्या औशातल्या लोदग्याहूनच शेतकरी नेते पाशा पटेल कधीपासून सांगतायत. कोणी रोपं, ठिबक आणि पहिल्या तीन वर्षांची निगा फुकट देत असेल आणि बदल्यात फक्त क्रेडिट मागत असेल, तर तो सौदा वाईट नाही. उलट लागवडीचा खर्च तुमचा आणि क्रेडिटमध्ये वाटा, असं असेल तर सोडून द्या.

एजंट ‘ग्रीन क्रेडिट’ म्हणतोय का ‘कार्बन क्रेडिट’, तेही विचारा. ग्रीन क्रेडिट ही केंद्र सरकारची २०२३ ची वेगळी योजना आहे. दोन्हींची सरमिसळ करून सांगणारे आहेत.

गावच्या गायरानावर लागवड करायचं चाललं असेल तर मात्र थांबवा. कागदावर ती जमीन ‘पडीक’ दिसते. प्रत्यक्षात तिथं कोणाच्या शेळ्या चरतात, आणि दलित, भटक्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं तुकडे कसलेले असतात. त्यांना उठवून लावलेली झाडं पहिल्या उन्हाळ्यात जगणार नाहीत आणि गावात भांडण मात्र कायमचं लागेल.

कराराची प्रत मराठीत मागा. त्यात तीन कलमं शोधा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कंपनीचं नाव चढणार का. तीस वर्षांत जमीन विकली किंवा भावांत वाटणी झाली तर करार कोणावर राहणार. आणि दुष्काळात झाडं वाळली तर काय. २०१२-१३ ला जालना जिल्ह्यात पाण्यावाचून मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी स्वतःच्या हातानं तोडल्या, ते तुम्हाला आठवत असेल. असं साल तीस वर्षांत पुन्हा येणारच. नीट प्रकल्पात अशा नुकसानीसाठी काही क्रेडिट न विकता राखून ठेवलेली असतात. तुमच्या करारात तसं नसेल आणि भरपाई शेतकऱ्याकडून वसूल करायचं लिहिलं असेल, तर सही करू नका, मग रोपं कितीही फुकट असोत.