महाविद्यालयात स्पॅनिशचे प्राध्यापक होण्यासाठी केवळ भाषा येणे पुरेसे आहे का?

नाही. अस्खलित बोलता येणे ही सुरुवात झाली. स्पेन सरकारच्या वतीने इन्स्तितूतो सेर्वान्तेस ही १९९१ मध्ये स्थापन झालेली संस्था 'देले' ही स्पॅनिश भाषेची प्रमाणपत्रे देते आणि त्यांतील सी २ ही सर्वोच्च पातळी आहे; तथापि ते प्रमाणपत्र भाषेवरील प्रभुत्व सिद्ध करते, अध्यापनाची पात्रता नव्हे. कायमस्वरूपी पदासाठी बहुधा पदव्युत्तर पदवी आणि साहित्य, भाषाविज्ञान किंवा इतिहास यांपैकी एखाद्या विषयातील पीएच.डी. लागते.

या पेशाचा खरा कस पहिल्या वर्षाच्या वर्गात लागतो, असे माझे ठाम मत आहे. एखादा विद्यार्थी 'एस्तोय आबुर्रीदो', म्हणजे 'मी कंटाळलो आहे', असे म्हणण्याऐवजी 'सोय आबुर्रीदो' म्हणतो, तेव्हा 'मी कंटाळवाणा माणूस आहे' असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी त्याला न ओशाळवता 'सेर' (ज्याचे रूप 'सोय') आणि 'एस्तार' (ज्याचे रूप 'एस्तोय') या 'असणे' अशा अर्थाच्या दोन क्रियापदांतील भेद त्याच्या गळी उतरवणे हे मोठे कौशल्याचे काम आहे. शिवाय स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा असल्याने माद्रिदचा उच्चार शिकवताना मेक्सिको किंवा अर्जेंटिनाचा उच्चार चुकीचा ठरवता येत नाही.

निबंध तपासणे, संशोधनपर लेखन आणि समित्यांची कामे यांत बराच वेळ जातो. सुरुवातीची काही वर्षे अनेकांना तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी पदावर काढावी लागतात, म्हणून अनुवादाचे काम हाताशी असू द्यावे.