शुगर कंट्रोलमध्ये आहे, मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर चालेल का?

तुमच्या वडिलांची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.८ आली आहे, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी थांबवावी का, असं तुम्ही विचारलंय. मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे आणि ओपीडीत हा प्रश्न सतत येतो. कृपा करून परस्पर बंद करू नका.

शुगर सांभाळली की डोळे, किडनी आणि पायांच्या नसा यांचं नुकसान बरंच टळतं. हृदयाला मात्र तेवढं पुरत नाही. ब्रिटनमध्ये नव्याने मधुमेह झालेल्या ५,१०२ लोकांचा यूकेपीडीएस हा मोठा अभ्यास झाला. १९९८ साली निकाल आले, तेव्हा शुगर कडक सांभाळल्यामुळे डोळे-किडनीचे त्रास साधारण पाव हिश्श्याने कमी झाले होते, पण हार्ट अटॅकमधला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. तो स्पष्ट दिसला आणखी दहा वर्षांनी. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतली शिस्त हृदयाला लाभते, पण उशिरा. आणि ६.८ वरून ५.८ वर आणण्याचा हट्टही नको. अमेरिका-कॅनडातल्या अकॉर्ड अभ्यासात बऱ्याच वर्षांच्या मधुमेहींची एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये ते उपचार थांबवावे लागले.

मला सर्वांत पटलेला पुरावा डेन्मार्कचा आहे, स्टेनो-२. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाणारे फक्त १६० मधुमेही. त्यातल्या निम्म्यांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, सिगारेट हे सगळं एकत्र हाताळलं. आठेक वर्षांत त्यांचे हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार निम्म्याने कमी झाले. एकवीस वर्षांनी पाहिलं तर तो गट जवळपास आठ वर्षं जास्त जगला होता. गंमत म्हणजे त्यांच्यातही शुगरचं उद्दिष्ट फार थोड्यांनी गाठलं होतं, कोलेस्टेरॉलचं बहुतेकांनी.

स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने, शुगर किंचित वाढते, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. खरं आहे. पण अटॅक टाळण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे.

वडिलांना आधीच हृदयविकार असेल, तर एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. २०१५ च्या अभ्यासात अशा रुग्णांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. किडनीची तपासणी पाहून डॉक्टरच ते ठरवतील. पुढच्या भेटीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि लघवीतलं अल्ब्युमिन किती, हेही विचारून घ्या. आमच्याकडे बरेच जण शुगरचे रिपोर्ट जपून आणतात, पण लघवीची ही तपासणी त्यांनी कधीच केलेली नसते.

आणखी एक. मधुमेहात नसा बधिर झाल्या की अटॅक छातीत न दुखताही येतो. अचानक धाप लागली, दरदरून घाम सुटला, विनाकारण गळून गेल्यासारखं झालं, तर शुगर कमी झाली असेल म्हणून ग्लुकोमीटरने जरूर बघा, पण ती ठीक निघाली तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका. लगेच ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.