रंधा मारताना डुलणारे टेबल

प्रश्न : सुतारकामाचा छंद मला नुकताच जडला आहे. जुन्या फ्लश दरवाजाला चार पाय जोडून मी कामाचे टेबल तयार केले, परंतु रंधा मारू लागताच ते लांबीच्या दिशेने डुलते आणि पुढेही सरकते. पाय अधिक जाड घ्यावेत, की वरचा दरवाजाच बदलावा? खर्च कमीत कमी ठेवायचा आहे.

उत्तर : पाय जाड करून फारसा फरक पडणार नाही. साध्या टेबलाला वरून येणारा भार पेलावा लागतो. सुतारी बाकाला मात्र आडवे धक्के सोसावे लागतात, आणि रंध्याचा प्रत्येक हात नेमका त्याच्या लांबीच्या दिशेने बसतो. दोन पाय, वरची फळी आणि जमीन यांचा जो आयत होतो, त्याचे सांधे किंचित जरी सैल असले तरी प्रत्येक धक्क्याला तो तिरका होतो. तुम्हाला जाणवते ती डुलकी हीच. आहे त्याच टेबलावर करता येण्याजोगा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागच्या दोन पायांवर 12 मिमी जाडीच्या प्लायवूडचा सलग तुकडा चिकटवून स्क्रूने पक्का करणे. तो अखंड असल्यामुळे आयताला तिरके होऊ देत नाही.

नव्याने बांधणार असाल तर पैसे आणि मेहनत पायांना जोडणाऱ्या खालच्या लांब आडव्या पट्ट्यांवर खर्च करा. त्या 12 ते 15 सेंमी रुंद असाव्यात आणि जमिनीपासून इतक्या वर असाव्यात की उभे राहताना पावले खाली सरकतील. प्रत्येक टोकाला दोन बोल्ट शक्य तितक्या अंतरावर घ्या, कारण एकटा बोल्ट बिजागरीसारखा वागतो. पट्टीच्या टोकात, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, घुसवलेला स्क्रू नीट धरत नाही. शिवाय लाकूड सुकून आकसले की बोल्ट पुन्हा आवळता येतो, स्क्रूची पकड मात्र गेली की गेली. पाय दोन फळ्या एकमेकींना चिकटवून करा, परंतु आतली फळी अखंड न ठेवता तुकड्यांत लावा आणि पट्टीच्या रुंदीइतकी जागा मधे सोडा. पटाशी (लाकूड कोरण्याची छिन्नी) न चालवता आयती खाच मिळते आणि भार बोल्टवर न पडता लाकडावर टेकतो. ही खाच घट्ट बसली पाहिजे. पट्टी हाताने सहज आत जात असेल तर ती सैल आहे असेच समजावे.

दरवाजा टाकून देण्याची घाई करू नका. बोटांच्या पेरांनी तो जागोजाग ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर आत पोकळी आहे, आणि पटाशीवर हातोडा मारल्यावर बाक उसळेल. आवाज भरीव असल्यास खालून 18 मिमी प्लायवूडचा आणखी एक थर चिकटवा; त्याचे स्क्रू खालच्या बाजूनेच घाला, म्हणजे रंध्याच्या पात्याची आणि त्यांची गाठ पडणार नाही. सरकण्याचा प्रश्न वजनाने सुटतो. खालच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून त्यांवर विटा रचाव्यात. दिसायला ते बरे नाही, पण बाक जागचा हलत नाही.

प्रश्न : बाकाची उंची किती असावी? व्हाइस (लाकूड घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) न घेता काम चालेल का?

उत्तर : ताठ उभे राहून हात सैल सोडावेत, मनगटाच्या वळीपाशी बाकाची वरची पातळी आली की रंधा मारताना कंबर वाकत नाही. सुरुवातीला व्हाइसशिवाय निभावते. बाकाच्या टोकाला एक पट्टी आडवी ठोकावी, मात्र ती कामाच्या लाकडापेक्षा पातळ असावी. लाकूड तिला टेकवून रंधा मारला की धक्क्यानेच ते जागी बसते. रुंद फळी बाजूला फिरू लागली तर एका जाड तुकड्याच्या टोकाला काटकोनी खाच कापून, फळीचा मागचा एक कोपरा त्या खाचेत बसवावा आणि तो तुकडा क्लॅम्पने बाकाला आवळावा.