डिटॉक्स, आयओपी, रिलॅप्स: मिस्टरांच्या फाईलमधले शब्द आणि तुमचं घर

न्यू जर्सीहून एका ताईंचा मोठा मेल आलाय. मिस्टर आयटीत, पिणं रोजचं पण "कधी कुणाला त्रास नाही" या टाइपचं. मागच्या आठवड्यात ताईंनी मुलांची शपथ घातली, त्यांनीही मनावर घेऊन त्याच दिवशी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किचनमध्येच फिट आली. आता ते हॉस्पिटलात आहेत, केस मॅनेजरने कागदांचा गठ्ठा हातात दिलाय, त्यातलं निम्मं कळत नाही, आणि नाशिकहून सासूबाई रोज विचारतायत की नक्की झालंय काय. मेलच्या शेवटी एकच ओळ होती, "माझ्या शपथेमुळे झालं का हे?"

ताई, आधी त्या ओळीचं बोलू. शपथेमुळे नाही झालं, पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम बंद केली तर असं होऊ शकतं, आणि हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही, उलट "मनाचा निग्रह हवा, उद्यापासून थेंब नाही" यालाच शाबासकी मिळते. याला विथड्रॉवल म्हणतात. शरीराला दारूची सवय झालेली असते, ती काढून घेतली की साधारण पहिल्या सहा तासांपासून हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं, फिट बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येते, आणि काहींना दोन ते चार दिवसांनंतर डीटी होतो म्हणजे भास, प्रचंड गोंधळ, ताप, बीपी वर. त्यात माणूस दगावू शकतो. म्हणून डिटॉक्स. हे काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढायचे, थरथर आणि फिट आवरायला औषधं, सोबत बी-वन व्हिटॅमिन, कारण ते कमी पडलं तर मेंदूला इजा होते. डिटॉक्स एवढंच करतं. त्यानंतर माणूस आंघोळ करून, दाढी करून छान फ्रेश दिसतो आणि घरच्यांना वाटतं झालं, आता घरी नेऊ. नेऊ नका, निदान पुढची अपॉइंटमेंट हातात घेतल्याशिवाय तरी नको. खरी ट्रीटमेंट अजून सुरूच झालेली नाहीये.

कागदावर "अल्कोहोल यूज डिसऑर्डर, सिव्हिअर" लिहिलंय म्हणून तुम्ही रात्रभर झोपला नाहीत असं लिहिलंयत. २०१३ पासून इथले डॉक्टर अकरा प्रश्नांवरून हे ठरवतात, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, तलफ येणं, कामावर परिणाम होणं अशा गोष्टी. दोन-तीन लागू पडल्या तर माइल्ड, चार-पाच तर मॉडरेट, सहा किंवा जास्त तर सिव्हिअर. तो आत्ताचा मोजलेला आकडा आहे, ते बरे होणार की नाही हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

पिण्याचं मोजमाप मात्र नीट करा, कारण इथे आपले लोक सगळ्यात जास्त फसवतात, स्वतःलाही. नर्स विचारते दिवसाला किती ड्रिंक्स, आपला माणूस सांगतो "दोन पेग". अमेरिकेत एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे व्हिस्कीचे साधारण ४४ मिलि, आणि घरी डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेला पेग सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. त्यापेक्षा बाटली मोजा. कॉस्टकोतली ती दांडीवाली मोठी बाटली १.७५ लिटरची असते, म्हणजे जवळजवळ चाळीस ड्रिंक्स. ती पाच दिवसांत संपत असेल तर रोजची आठ झाली. हा आकडा डॉक्टरांना सांगा, डिटॉक्सचं प्लॅनिंग त्यावर ठरतं. चुगली वगैरे काही नाही यात.

आता ती आद्याक्षरं. इथे ट्रीटमेंटच्या पायऱ्या असतात आणि कुणाला कुठली पायरी हे बहुतेक ठिकाणी एएसएएमच्या नियमांवरून ठरतं, ती व्यसनावर काम करणाऱ्या डॉक्टरांची संस्था. रेसिडेन्शियल म्हणजे तिथेच राहायचं. पीएचपी, नाव पार्शल हॉस्पिटलायझेशन असलं तरी बहुतेक ठिकाणी रात्री घरी येतात, आठवड्याला वीस तास किंवा जास्त. आयओपी म्हणजे इंटेन्सिव्ह आउटपेशंट, घरी राहून आठवड्याला किमान नऊ तास, बरेचदा तीन संध्याकाळी तीन-तीन तास, त्यामुळे नोकरी चालू ठेवता येते. मग साधं आउटपेशंट, म्हणजे घरी राहून फक्त अपॉइंटमेंटपुरतं जायचं. वरच्या पायरीवरून खाली येणं म्हणजे स्टेप डाउन. इन्शुरन्सवाले प्रायर ऑथरायझेशन म्हणजे आधीच मंजुरी मागतात आणि अधूनमधून "मेडिकल नेसेसिटी नाही" म्हणून दिवस कापतात, तेव्हा तो शेवटचा शब्द समजू नका, अपील करता येतं. ज्या प्लॅनमध्ये व्यसनाचा इलाज कव्हर्ड आहे तिथे त्याला बाकीच्या आजारांपेक्षा जाचक अटी लावता येत नाहीत असा २००८ पासून फेडरल कायदा आहे. फोनवर पॅरिटी, म्हणजे समान वागणूक, हा शब्द उच्चारा, समोरचा जरा सरळ बसतो.

ड्युअल डायग्नोसिस म्हणजे व्यसनासोबत डिप्रेशन, अँग्झायटी असं काही. दोन्हीचा इलाज एकत्रच व्हायला हवा, "आधी दारू सोडा मग बघू" म्हणणारं सेंटर असेल तर दुसरं शोधा.

एमएटी म्हणजे औषधांच्या मदतीने उपचार. दारूसाठी मुख्यतः नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आणि डायसल्फिराम. "एक नशा सोडून दुसरी लावतायत" असं तुमच्या जाऊबाई म्हणाल्या ना, तर नालट्रेक्सोनने नशाही होत नाही आणि त्याची सवयही लागत नाही, त्याने पिण्यातली मजा आणि तलफ कमी होते. महिन्यातून एकदा इंजेक्शनही मिळतं. फक्त ते चालू असताना ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीच्या पेनकिलर चालत नाहीत, म्हणून डेंटिस्टपासून सर्जनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवायचं. डायसल्फिरामचं वेगळं आहे, ते घेऊन दारू प्यायली की चेहरा लाल, धडधड, उलट्या, बीपी खाली, जीवावरही बेतू शकतं. आणि इथे मला सासूबाईंची काळजी वाटते, कारण "पिणाऱ्याला न सांगता जेवणातून द्या" अशा जाहिराती आपण लहानपणापासून भिंतींवर वाचल्यात आणि कुणीतरी येताना बॅगेतून ती पुडी आणतंच. त्या पुडीत काय आहे कुणाला ठाऊक नसतं. डायसल्फिराम तर पेशंटला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय कधीही द्यायचं नाही असा औषधावरच इशारा असतो. आमटीत काहीही कालवायचं नाही म्हणजे नाही.

तुम्ही सेंटरला फोन केलात आणि बाई म्हणाली की असा पेशंट इथे आहे की नाही हेही सांगू शकत नाही. उद्धटपणा नव्हता तो. व्यसनाच्या ट्रीटमेंटची गुप्तता इथे साध्या मेडिकल रेकॉर्डपेक्षाही कडक आहे, बायकोलाही माहिती द्यायची तर पेशंटची लेखी परवानगी लागते, तिला रिलीज किंवा कन्सेंट म्हणतात. मिस्टरांना आजच सही करायला सांगा आणि कुठली माहिती, कुणाला, कधीपर्यंत हे त्यात नीट भरा. सही नसली तरी तुम्ही सेंटरवाल्यांना माहिती देऊ शकता, बाटलीचा आकडा, आधीची फिट, चालू गोळ्या. ते ऐकून घेऊ शकतात, फक्त उत्तर देऊ शकत नाहीत.

नोकरीचं: कंपनीत पन्नास किंवा जास्त लोक असतील, मिस्टरांचं तिथे वर्ष झालं असेल आणि त्या वर्षात १२५० तास भरले असतील तर एफएमएलए या सुट्टीच्या फेडरल कायद्याखाली बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी सुट्टी मिळते, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर, ट्रीटमेंटसाठी. पिऊन झोपले म्हणून दांडी मारली तर ते यात बसत नाही. मॅनेजरला आजाराचं नाव सांगायची गरज नसते. एचवन या नोकरीच्या व्हिसावर असाल तर सुट्टीआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली असेल तर नक्कीच बोला, नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत.

एनेबलिंग हा शब्द वाचून तुम्ही चिडलात ते बरोबरच आहे, कारण इंग्रजी पुस्तकं तो बायकांच्या तोंडावर फेकतात. साधा अर्थ असा की पिण्याचे परिणाम त्यांच्यापर्यंत पोचूच न देणं: मॅनेजरला "व्हायरल आहे" म्हणून मेल, मंडळाच्या पार्टीत "ते दमलेत", बिलं तुम्हीच भरणं. जेवायला देणं, हॉस्पिटलात नेणं, प्रेमाने बोलणं हे एनेबलिंग नाही. हे एकटीने सुटत नाही म्हणून अल-अॅनॉन आहे, १९५१ पासून, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी चालणारा मदत-गट. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस वेगळं, ते १९३५ मध्ये ओहायोतल्या अॅक्रनला सुरू झालं, पिणाऱ्यांचं पिणाऱ्यांसाठी. तिथला स्पॉन्सर म्हणजे आधी या वाटेने गेलेला मेंबर, तो डॉक्टर नाही आणि गोळ्या बंद करायला सांगायला लागला तर ऐकायचं नाही. देवाचं बोलतात म्हणून मिस्टर नाक मुरडतील, मुरडू दे, दोन-तीन वेगवेगळ्या मीटिंगा बघा, प्रत्येकीचा रंग वेगळा असतो. पुण्या-मुंबईकडे मराठीतून मीटिंगा चालतात, तिकडच्या संध्याकाळी आपल्याकडे सकाळ असते, ऑनलाइन एखादी मिळते का तपासा.

रिलॅप्सबद्दल सेंटरने आधीच बोलणं काढलं म्हणून तुम्हाला वाईट वाटलं. आधीच बोलायचं असतं ते. एखाद वेळ घेतली आणि लगेच फोन केला तर त्याला लॅप्स किंवा स्लिप म्हणतात, पुन्हा जुन्या चक्रात गेलं की रिलॅप्स. शुद्धीत असतानाच कागदावर लिहून घ्या: घेतली तर पहिला फोन कुणाला, गाडीची किल्ली कुणाकडे, मुलं त्या रात्री कुठे. आणि पुन्हा रोज सुरू झाली तर घरी एकदम बंद करायला लावू नका, परत डॉक्टरच. ट्रिगर म्हणजे तलफ जागी करणारी गोष्ट, मिस्टरांच्या बाबतीत तुम्हीच लिहिलंय, शुक्रवारचा कॉल संपला की. तर शुक्रवारी त्या वेळेला काहीतरी ठरलेलं हवं. यंदाच्या दिवाळी पार्टीला "आम्ही येत नाही" एवढंच सांगा, कारण द्यायची सक्ती नाही.

आता सासूबाई. त्यांना आद्याक्षरं नका सांगू, "मुक्तांगणसारख्या ठिकाणी ठेवलंय" म्हणा. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत केलेलं, हे नाव त्यांच्या पिढीला माहीत असतं आणि तिथे घरच्यांनाही बोलावतात, समजावतात हेही. म्हणजे पोराला कुठे वेड्यांच्या इस्पितळात टाकलंय असं त्यांना वाटणार नाही. त्यांना इकडे यायचंच असेल तर तिकीट आयओपी सुरू होईल त्या सुमाराचं काढा. आत्ता त्या येऊन रडतील आणि तुम्हाला त्यांनाही सांभाळावं लागेल, पण पुढच्या महिन्यात आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मिस्टर क्लासला असतील, तुमची अल-अॅनॉनची मीटिंग असेल, आणि मुलांना वरण-भात भरवायला घरात कुणीतरी लागेलच.