जुनं स्वयंपाकघर नव्यानं करताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सोलापूरच्या उपनगरांतली बैठी घरं आता चाळिशी गाठत आहेत. कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, भिंतीतले लोखंडी पाइप आणि साऱ्या स्वयंपाकघराला मिळून एकच प्लग अशी त्यांची रचना. या महिन्यातली बहुतेक पत्रं याच घरांमधून आली आहेत.

प्रश्न (विजापूर रोड) : घर १९८३ सालचं, विटांचं, वर स्लॅब. स्वयंपाकघर १० बाय ८ फूट. ओट्यामागच्या भिंतीला खाली ओल आहे, पोपडे पडतात. ओटा ग्रॅनाइटचा करायचा आहे आणि जेवणघराची मधली भिंत काढायची आहे. काम कुठून सुरू करावं?

उत्तर : ओलीपासून. ग्रॅनाइट आणि टाइल्स बसल्यावर ती ओल झाकली जाईल, पण थांबणार नाही. दोन पावसाळ्यांत टाइल्स पोकळ वाजू लागतील आणि नवा ओटा पुन्हा फोडावा लागेल.

ओल कुठून येते, ते आधी ठरवा. स्वयंपाकघराच्या लाइनचा कॉक आठवडाभर बंद ठेवा आणि पाणी बादलीनं वापरा. डाग वाळू लागला, तर गळती भिंतीतल्या पाइपात आहे. वाळला नाही, तर सिंकमध्ये बादलीभर निळीचं पाणी ओता. एक-दोन दिवसांत भिंतीवर किंवा फरशीच्या सांध्यात निळसर झाक दिसली, तर सांडपाण्याचा पाइप फुटला आहे. दोन्ही चाचण्यांत काही सापडलं नाही आणि ओल पाइप नसलेल्या भिंतींवरही सारख्याच उंचीपर्यंत, दीड-दोन फूट, चढलेली असेल, तर ती जोत्यातून वर येते आहे. मग ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत गिलावा काढा, विटांचे सांधे खरवडा आणि लोणा, म्हणजे विटांवर फुटलेला पांढरा क्षार, कोरड्या ब्रशनं झाडून काढा. लोणा पाण्यानं धुऊ नका. क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतो. भिंत तीन-चार आठवडे उघडी राहू द्या. मग एकास चार प्रमाणाचा गिलावा करा आणि ५० किलो सिमेंटच्या गोणीला २०० मिलि वॉटरप्रूफिंगचं द्रावण घाला. हे तीन-चार आठवडे सगळ्यांनाच जड जातात, पण त्यात घाई करू नका. ओल्या विटेवर केलेला गिलावा वर्षभरात सुटतो.

मधल्या भिंतीची जाडी दारापाशी मोजा. ९ इंच असेल, तर स्लॅबचा भार तिच्यावर आहे असंच धरा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरनं जागेवर येऊन पाहिल्याशिवाय एक वीटही काढू देऊ नका. साडेचार इंची भिंतही वर काय टेकलं आहे ते पाहूनच काढायची. मोकळेपणा हवा असेल, तर तीन फुटांची खिडकी बहुतेक वेळा पुरते. तिच्यावर लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, हवा, त्याला दोन्ही बाजूंना भिंतीत किमान ६ इंच बैठक हवी आणि तो पक्का होईपर्यंत स्लॅबला टेकू राहिला पाहिजे. पाइप-वायरसाठी झिरी, म्हणजे भिंतीत खाच, मारतानाही काळजी घ्या. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा. म्हणजे ९ इंची भिंतीत उभी ३ इंच, आडवी दीड इंच. कमरेच्या उंचीवर भिंतभर मारलेली खोल आडवी झिरी सगळ्यांत घातक.

लोखंडी पाइप पूर्ण काढा. निम्मे ठेवून नव्याला जोडलेले पाइप त्या सांध्यावरच गळतात. मुख्य लाइन पाऊण इंची, नळापर्यंत अर्धा इंची, गरम पाणी असेल तिथे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप. सिंकचा सांडपाण्याचा पाइप दोन इंची, ढाळ मीटरला २५ मिलिमीटर. ढाळ कमी पडला की खरकटं आणि तेल पाइपातच थिजतं. सांधे एक दिवस वाळू द्या, मग हातपंपानं ५-६ किलो दाब देऊन चार तास ठेवा. काटा खाली आला नाही तरच झिऱ्या बुजवा. बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना हाच फोटो पाइप वाचवतो.

त्यानंतर गिलावा, फरशी, ओटा, ओट्यावरच्या टाइल्स, पुट्टी, सुतारकाम आणि शेवटचा रंग, याच क्रमानं जा. सुतारानं मापं ओटा आणि टाइल्स झाल्यावर घ्यावीत. जुनी भिंत क्वचितच काटकोनात असते. आधी मापं घेतली की कपाट एका कोपऱ्यात अर्धा इंच आत जातं.

शहाबादी फरशी लाकडी दांड्यानं ठोकून पाहा. पोकळ आवाज नसेल, तर तिला पॉलिश करून राहू द्या. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हाळ्यात तिच्यासारखा गारवा कुठलीही टाइल देत नाही.

आणि एक. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, म्हणून गवंडी येण्याच्या आदल्या पाळीला हौद भरून ठेवा आणि गिलाव्यावर ओलं गोणपाट लावा. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा शिंपडलेलं पाणी तासाभरात उडून जातं.

प्रश्न (होटगी रोड) : सासूबाईंची उंची ४ फूट १० इंच, माझी ५ फूट ६ इंच. भाकरी रोज त्या करतात, बाकी स्वयंपाक मी. ओटा किती उंच ठेवावा?

उत्तर : एकाच उंचीचा ओटा ठेवलात, तर दोघींपैकी एकीची पाठ किंवा खांदा रोज दुखणार. ओटा दोन पातळ्यांचा करा.

चप्पल घालून सरळ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. चिरण्या-निवडण्यासाठी ओटा त्यापेक्षा ४ ते ६ इंच खाली असावा. भाकरी थापताना तळव्याचा दाब वरून खाली जातो आणि परातीचा काठही हाताखाली येतो, म्हणून तिथे ७ ते ९ इंच खाली. सासूबाईंचं कोपर साधारण ३६-३७ इंचांवर असेल, तुमचं ४१-४२ वर. त्यावरून भाकरीचा भाग २९ इंच आणि तुमचा ३५ इंच असा हिशोब निघतो. सासूबाईही सिंक वापरत असतील, तर तो भाग ३४ वर आणा. प्रत्यक्ष मोजूनच आकडे पक्के करा.

शेगडीही खालच्याच भागावर ठेवा. शेगडीची स्वतःची उंची चार-पाच इंच, त्यावर तवा, आणि थापलेली भाकरी हातावर घेऊन तव्यात सोडायची, तर जागा शेगडीला लागूनच हवी. दोन बर्नरच्या शेगडीला अडीच फूट आणि परातीला दोन फूट, असा खालचा भाग साडेचार फूट होतो. वरच्या भागावर सिंक येऊ द्या. सिंकचा तळ ओट्यापेक्षा आठ इंच खाली असतो, त्यामुळे उंच ओट्यावर भांडी घासताना वाकावं लागत नाही. दोन पातळ्यांमधल्या उभ्या पायरीला ग्रॅनाइटचीच पट्टी लावा आणि सांधा इपॉक्सीनं भरा. सिमेंटनं भरला, तर पिठाचं पाणी तिथे मुरतं आणि झुरळं होतात.

शेंगाचटणी घरी कुटत असाल, तर खलबत्ता नेहमी ओट्याच्या उभ्या आधारावरच ठेवा. ग्रॅनाइट भार पेलतो, पण ठोका सोसत नाही. सिंकच्या किंवा शेगडीच्या कापलेल्या कोपऱ्याजवळ कुटलं, की त्या कोपऱ्यापासूनच तडा सुरू होतो.

प्रश्न (शेळगी) : सुतार सगळं प्लायवूडचं करा म्हणतो. आमच्याकडे पूर्वी दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती. काय करावं?

उत्तर : ओट्याखाली प्लायवूडची पेटी करू नका. ओटा फोडताना निघणारा कडप्पा जपून काढायला सांगा. सव्वा इंच जाडीचे ते तुकडे उभे आधार आणि मधल्या फळ्या म्हणून पुन्हा वापरता येतात. वाळवी त्यांना काही करू शकत नाही. दोन आधारांत दोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको.

अडचण येते दारांची. बिजागरीचा स्क्रू दगडात बसत नाही. त्यासाठी ॲल्युमिनियमची चौकट अँकरनं दगडाला पक्की करा आणि दारं तिला लावा. ट्रॉलीच्या पट्ट्यांना मात्र आतून लाकडी अस्तर लागतं. तेवढ्यापुरतं ७१० ग्रेडचं, म्हणजे पाण्याला टिकणारं, प्लायवूड घ्या, ते जमिनीपासून ४ इंच वर ठेवा आणि कापलेल्या सगळ्या कडांना प्रायमर लावून घ्या. पाणी प्लायवूडमध्ये कडेनंच शिरतं. सनमायका पुढून कितीही चांगला असला तरी मागची उघडी कड फुगते. सिंकखाली लाकूड अजिबात नको.

ट्रॉली ३०४ दर्जाच्या स्टीलची मागा. लोहचुंबक लावून दाखवणाऱ्यावर विसंबू नका. स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही. फरक ओळखायला रसायनाच्या थेंबाची चाचणी असते, ती दुकानात समोर करून मागा. बोअरचं खारं पाणी ट्रॉलीवर ठिबकत असेल, तर २०२ वर तांबूस ठिपके लवकर दिसतात.

सिलिंडर कपाटात ठेवणार असाल, तर दाराला वर आणि अगदी तळाशी जाळी हवीच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा वर हवी, रबरी नळी दीड मीटरच्या आत. ती भिंतीतून किंवा शेगडीच्या मागून नेऊ नका आणि पाच वर्षांनी न चुकता बदला. त्या कपाटात प्लग किंवा स्विच नको.

प्रश्न (दमाणी नगर) : इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एकदम लावले की एमसीबी पडतो. वायरमन मोठा एमसीबी टाकतो म्हणतो. टाकावा का?

उत्तर : नाही, कृपा करून टाकू देऊ नका. एमसीबी वायरचं रक्षण करतो, भार वाढला की वीज तोडतो. इंडक्शन २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, मायक्रोवेव्ह सुमारे ५, मिक्सर ३, बेरीज १७. जुन्या घरात हे सगळं बहुधा एकाच बारीक वायरवर चालतं. मोठा एमसीबी टाकला तर तो पडणार नाही, भिंतीतली वायर मात्र तापत राहील.

मीटरपासून स्वयंपाकघरासाठी नव्या लाइन ओढा. १६ अँपिअरच्या प्लगांसाठी दोन स्वतंत्र लाइन, प्रत्येकी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी. मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरला २.५ ची वायर, १६ चा एमसीबी. फ्रिज वेगळा. सगळ्यांच्या आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. तो बसवल्याबरोबर पडू लागला तर काढून टाकू नका. जुन्या घरात न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकत्र जोडलेले असतात, तो दोष शोधून घ्या. बोर्ड ओट्यापासून ८ इंच वर ठेवा. सिंकच्या वर किंवा शेगडीमागे नको.

अर्थिंगचा खड्डाही पाहा. उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होतं. मार्चपासून खड्ड्यात पाणी ओतत राहा.

प्रश्न (जुळे सोलापूर) : चिमणी घ्यावी की एक्झॉस्ट पंखा?

उत्तर : खर्च एकाचाच झेपत असेल तर पंखा. आपल्याकडे धुराइतकाच उकाडाही त्रास देतो आणि पंखा सगळ्या खोलीची गरम हवा काढतो. ९ इंची पंखा छताजवळ, शेगडीच्या बाजूच्या भिंतीत लावा. समोरून हवा आत यायला दार किंवा खिडकी उघडी हवी. फोडणी-तळण रोजचं असेल तर जोडीला चिमणी घ्या. ती शेगडीपासून २६ ते ३० इंच वर, पाइप ६ इंची, वळण शक्यतो एकच. भिंतीतलं जुनं भोक ४ इंची आहे म्हणून पाइप बारीक करू देऊ नका; मोटर ओरडते आणि धूर घरातच राहतो.

प्रश्न (सैफुल) : १० बाय ८ च्या खोलीत दोन भिंतींना काटकोनात ओटा करायचा आहे. ग्रॅनाइट आणि टाइल्स किती आणाव्यात?

उत्तर : ओटा दोन फूट रुंद धरला, तर एक बाजू १० फूट आणि दुसरी कोपरा वजा जाता ६ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. पुढच्या ३ इंची पट्टीला साडेतीन, एकूण ३६ चौरस फुटांची पाटी निवडा. जोड सिंक-शेगडीच्या कापापासून दूर घ्या. ओट्यावर दोन फूट टाइल्स लावायच्या, तर १८ फुटांच्या भिंतीला ३६ चौरस फूट, तुटफुटीसकट ४०. १२ बाय २४ इंची टाइल्स २० लागतील. दोन-तीन जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, पुढे तोच रंग मिळत नाही. चिकटवायला २० किलोची एक गोणी पुरेल.

प्रश्न (बाळे) : पाणी चार दिवसांनी येतं, म्हणून माळ्यावर ५०० लिटरची टाकी बसवायची आहे. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. भरलेल्या टाकीचं वजन ५०० किलोच्या वर जातं आणि स्वयंपाकघराचा माळा डबे-भांड्यांसाठी केलेला, तीन-चार इंचांचा असतो. टाकी गच्चीवर, भिंती एकमेकींना मिळतात त्या कोपऱ्यावर बसवा. माळ्याच्या खालच्या बाजूला आताच केसासारख्या भेगा दिसत असतील, तर त्यावरचे धान्याचे डबेही आज उतरवून घ्या.