कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या ग्रामीण नगरपालिकेत ‘एनडब्ल्यू १४-२२-७-डब्ल्यू२’ असा शेताचा पत्ता मिळालाय, तो कसा वाचायचा?

शेवटून सुरुवात करा: डब्ल्यू२ म्हणजे दुसऱ्या मेरिडियनच्या (मोजणीची उभी आधाररेषा, १०२° पश्चिम रेखांश) पश्चिमेला, ७ ही तिथून पश्चिमेकडे सातवी रेंज (उत्तर-दक्षिण पट्टा), २२ ही अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे बाविसावी टाउनशिप (त्या पट्ट्यातला जमिनीचा चौकोन), १४ हा सेक्शन (टाउनशिपमधला एक मैल लांब-रुंद तुकडा) आणि एनडब्ल्यू हा त्याचा वायव्य चतुर्थांश, साधारण १६० एकर. कॅनडाच्या प्रेअरीवर (गवताळ मैदानांवर) १८७१ पासून जमिनीची मोजणी याच पद्धतीने झाली. टाउनशिप ६ मैल लांब-रुंद, तिच्यात ३६ सेक्शन. लोक चुकतात ते सेक्शनच्या क्रमांकांतच. १ नंबर आग्नेय कोपऱ्यात असतो, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत. ७ त्याच्या लगेच वर, आणि मग उलटं पूर्वेकडे १२ पर्यंत, नांगराच्या तासासारखं. म्हणजे १४ दक्षिणेकडून तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा. उत्तर-दक्षिण रस्त्यासाठी दर मैलाला आणि पूर्व-पश्चिम रस्त्यासाठी दर दोन मैलांना ६६ फुटांची पट्टी राखलेली असते. पण पट्टी आहे म्हणजे रस्ता आहेच असं नाही! कुठे खडी, कुठे नुसती माती, कुठे सरळ पीक. बर्फ वितळताना किंवा पावसानंतर मातीच्या वाटेवर गाडी घालू नका, चिकणमातीत रुतते. आधी नगरपालिकेच्या कार्यालयात फोन करून खडीचा रस्ता कुठवर आहे ते विचारा.