‘जीव घाबरतोय’ हे इंग्रजीत कसं सांगणार?

तासगावहून तुझा प्रश्न आला. नवऱ्याची इंग्लंडातल्या लेस्टरची नोकरी पक्की झालीय, तू पाचव्या महिन्यात इकडं येणार, आणि अमेरिकेतल्या दिरानं सांगितलंय, ‘तिकडं डॉक्टर रंग बघून तपासतात, बाळंतपण गावीच उरकून घ्या.’ ताई, हे खरंय का, असं विचारलंस. मी मिरजेची. लेस्टरला बारा वर्षं झाली, दोन्ही मुलं इथलीच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण ते ऐकून तुझ्या डोळ्यांपुढं जे आलं असेल, तसं इथं घडत नाही. तुला कुणी टाकून बोलणार नाही. रिसेप्शनपासून मिडवाइफपर्यंत (म्हणजे बाळंतपण बघणारी प्रशिक्षित सुईण) सगळे ‘लव्ह’, ‘डार्लिंग’ म्हणतील. घोळ होतो तो ऐकण्यात. तुझं दुखणं किती मनावर घ्यायचं, आणखी एक प्रश्न विचारायचा की पॅरासिटामॉल सांगून मोकळं व्हायचं, हे समोरचा माणूस क्षणात ठरवतो. त्या क्षणात आपलं नाव, रंग, उच्चार सगळं जमेला धरलं जातं, आणि बहुतेकदा त्याचं त्यालाही कळत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचं सांगते. मूळच्या कवठेमहांकाळच्या, वीस वर्षांची शुगर, इंग्रजी ‘थँक्यू’पुरतं. एका पहाटे त्यांचा फोन आला, ‘अगं, जीव घाबराया लागलाय, छातीवर पाटा ठिवल्यागत वाटतंय.’ मुलगा रात्रपाळीला, म्हणून मीच इमर्जन्सीला घेऊन गेले आणि मीच दुभाषी झाले. ‘जीव घाबरतोय’चं मी काय केलं असेल? ‘शी इज फीलिंग अँक्शस’, म्हणजे तिला चिंता वाटतेय. तरुण डॉक्टर होता, बोलायला अगदी मऊ. त्यानं तो एक शब्द टिपला, आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच वाटेनं गेले. घरी सगळं ठीक ना? झोप लागते का? इंडियाची आठवण येते का? शुगरचं मी सांगितलं, त्यावर नुसती मान हलवली. एक ईसीजी काढला, नॉर्मल म्हणाला, घरी पाठवलं. चौथ्या दिवशी ॲम्ब्युलन्स, आणि दोन स्टेंट. काकू आता बऱ्या आहेत, वांगी लावतात. पण त्यात चूक माझी किती आणि त्याची किती, हा हिशेब मी अजून घालते. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, हे एखाद्या गोऱ्या बाईनं सांगितलं असतं, तर त्यानं ‘झोप लागते का’ विचारलं असतं का?

पुढं कधीतरी एका मल्याळी नर्सकडून कळलं, की इथल्या वॉर्डांत याला टोपणनावच पडलेलं होतं: ‘मिसेस बीबी सिंड्रोम’. म्हणजे आपल्याकडची बाई, इंग्रजी तोडकंमोडकं, ‘सगळं अंग दुखतंय’ म्हणते, तेव्हा विशेष काही नसणार. आपल्याकडं ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, सणक वेगळी, आणि कसकस तर दुखण्यात धरतच नाहीत. इकडं येईस्तोवर सगळ्याचं एकच ‘पेन’ होतं.

आता बाळंतपणाचे आकडे, कारण दीर तेच पाठवणार. 2018 ते 2020 या काळात ब्रिटनमध्ये गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत दगावणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण लाखात साधारण 11 होतं. गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत काळ्या स्त्रियांत ते 3.7 पट आणि आशियाई स्त्रियांत 1.8 पट. मुळात आकडा लहान आहे, म्हणून घाबरू नकोस. आणि हा सगळा फरक डॉक्टरांच्या वागण्याचा नाही, गरिबी, आधीचे आजार, उशिरा नाव नोंदवणं हेही त्यात आहे. पण ‘आम्ही सांगत होतो, कुणी ऐकलं नाही’ हे वाक्य मी इथल्या इतक्या बायकांकडून ऐकलंय, की ते मनाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेतही तेच. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या 2016 च्या एका अभ्यासात निम्म्याच्या आसपास गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांनी आणि रेसिडेंट डॉक्टरांनी ‘काळ्यांची कातडी जाड असते’ यासारखी किमान एक तरी खोटी समजूत खरी मानली होती. अशा समजुती धरणारे काळ्या पेशंटच्या दुखण्याला कमी लेखत होते.

यंत्रंही साळसूद नाहीत. कोविडात सांगलीत घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता ना? 2020 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना यंत्र ‘ठीक’ दाखवतं, असं काळ्या पेशंटांत 11.7 टक्के आणि गोऱ्यांत 3.6 टक्के मोजण्यांत झालं. आपण गव्हाळ, मधेच कुठंतरी. बाळाची कावीळही नुसती नजरेनं आपल्या रंगात चटकन दिसत नाही. शंका आली तर ‘बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं माप) मोजा’ म्हणायचं, ‘छान दिसतंय बाळ’ यावर समाधान मानायचं नाही.

एक खरं सांगू? मिरजेत वाढलेय, वॉनलेसपासून सगळी हॉस्पिटलं पाहिलीत. धोतरातल्या म्हाताऱ्याला डॉक्टर म्हणायचे, ‘काय रे, तंबाखू खातोस का’ आणि मागनं आलेल्या माझ्या वडलांना ‘या सर, बसा’. तो म्हातारा वडलांपेक्षा दहा वर्षांनी थोरला असेल. तेव्हा आपण रांगेच्या बऱ्या बाजूला होतो म्हणून ते खटकलं नाही. इथं मला तो म्हातारा फार आठवतो.

तू काय करायचंस? आल्या आठवड्यात जीपीकडं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदव, मिडवाइफकडं लगेच. तुझं इंग्रजी चांगलं असलं तरी कळांच्या वेळी कुणाचंच राहत नाही, तेव्हा फाइलवर मराठी दुभाषी हवा असं आधीच लिहून घे. तो फुकट असतो, नवऱ्याला त्या कामाला लावू नकोस. हिंदीवाला देतील, तर मराठीच माग. ‘हाऊ आर यू?’ला आपण ‘फाइन’ म्हणतो, ती सवय दवाखान्याच्या दारात काढून ठेव. दुखणं आकड्यांत सांग: दहापैकी किती, किती वेळ, दुखताना काय करता येत नाही. जीपीनं ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?’ विचारलं तर याला काही कळत नाही असं समजू नकोस, इथली ती पद्धत आहे. दहा मिनिटंच मिळतात, मनातली भीती तेव्हाच सांगून टाक.

ॲडमिट असताना तब्येत बिघडतेय आणि कुणी दाद देत नाही असं वाटलं, तर ‘मार्थाज रूल’ म्हण. मार्था मिल्स ही 13 वर्षांची मुलगी 2021 मध्ये गेली, आईवडील सांगत होते ते मनावर घेतलं गेलं नव्हतं. त्यानंतर, 2024 पासून, इंग्लंडच्या हॉस्पिटलांत टप्प्याटप्प्यानं सोय झाली, की पेशंट किंवा घरचे स्वतः फोन करून दुसऱ्या टीमला बोलावू शकतात. नंबर वॉर्डात लावलेला असतो, पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेव.

आणि सगळे रिपोर्ट बरोबर आण. शुगरचं माप इथं वेगळं, तिकडची 180 म्हणजे इकडची 10, तेव्हा एककासकट लिहून आण. आधीचं काही बाळंतपण, गर्भपात, थायरॉइड? कळव, मग पहिल्या भेटीत काय काय विचारतात ते लिहिते.